एका प्लगला करंट आहे, दुसऱ्याला नाही: कॉइल मागवण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चांदोदला नर्मदेवर मामांची होडी आहे आणि तिची जुनी जॉन्सन आउटबोर्ड मोटर, दोन सिलिंडरची, बहुधा १९६०च्या दशकातली, बरीच वर्षं वडोदऱ्यातल्या घराच्या स्टोअरमध्ये पडून होती. आता चालू करायला घेतली तर वरच्या प्लगला निळी ठिणगी येते, खालच्याला कधी येते, कधी नाही. प्लग दोन्ही नवे टाकले. मेकॅनिकने बघून सांगितलं, "साहेब, कोइल ऊडी गई छे." आता दोन्ही कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी तारेची गुंडाळी), पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा भाग) असा सगळा सेट परदेशातून मागवावा का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

माझं उत्तर: आत्ता नको. मेकॅनिक बरोबर असेलही, कारण त्या काळातल्या या कॉइलींची काळी आवरणं तडकतात हे खरंच आहे. पण खालच्या बाजूला करंट तुटायची निदान पाच-सहा कारणं आहेत, त्यातली बरीचशी फुकटात दुरुस्त होतात आणि कॉइल हे त्यातलं एकच कारण आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की तुमच्या मोटरला दोन सिलिंडर आहेत. या पद्धतीच्या मॅग्नेटोत, म्हणजे बॅटरीशिवाय फिरत्या चुंबकातून ठिणगी बनवणाऱ्या यंत्रणेत, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल, वेगळा पॉइंट, वेगळा कंडेन्सर आणि वेगळी वायर असते. म्हणजे जुळी भावंडं आहेत, एक धडधाकट आणि एक आजारी. धडधाकट भाऊ शेजारी उभा असताना आजाऱ्याची परीक्षा पुस्तकातल्या आकड्यांवरून कशाला करायची? वरच्या बाजूचा भाग खाली लावा आणि खालचा वर. दोष ज्या भागाबरोबर जागा बदलेल तो भाग गेलेला. पुढे जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी स्टोअरमध्ये शिरलं होतं असं तुम्ही लिहिलंय, पण ते मोटरच्या कुठपर्यंत चढलं ते लिहिलेलं नाही. फक्त खालचा पाय, म्हणजे पंख्याकडचा भाग, पाण्यात असेल तर करंटशी त्याचा संबंध नाही. गिअरचं तेल काढून बघा, दुधी दिसलं तर बदला, तो विषय तिथेच संपला. पण पाणी वर इंजिनापर्यंत गेलं असेल तर करंटचा शोध नंतर. आधी प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं चुंबक बसवलेलं जड चाक, हाताने सावकाश फिरवून बघा. अडकत असेल तर दोरी ओढायचीच नाही, कारण आत रिंगा आणि बेअरिंग गंजलेली असू शकतात आणि जोर लावला की एका दुरुस्तीच्या चार होतात.

दुसरं, ही मोटर खरंच पॉइंटवाली आहे ना? तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तसं वाटतंय. फ्लायव्हीलखाली पॉइंट नसतील आणि बाजूला वायरी निघालेली एक सीलबंद काळी डबी असेल, तर ती सीडीआय आहे, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी देणारी. तिची तपासणी निराळी असते, आणि तिच्यात शेकडो व्होल्ट साठतात, म्हणून तिथे बोट घालायचं नाही. तसं निघालं तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही.

आता तपासणीची तयारी. पेट्रोलची नळी काढून टांगून ठेवा आणि टाकी लांब न्या. दोन्ही प्लग काढा. प्लग काढले की दाब राहत नाही, दोरी हलकी जाते आणि फ्लायव्हील जोरात फिरतं. मॅग्नेटोला बॅटरी नसते, त्याची ताकद फिरण्याच्या वेगातून येते, त्यामुळे सावकाश दोरी ओढून "करंट नाही" म्हणण्यात अर्थ नाही. एक काळजी घ्या. सिलिंडरमध्ये जुनं पेट्रोल असेल तर दोरी ओढताना त्याची वाफ प्लगच्या भोकातून बाहेर फेकली जाते. ठिणगीची जागा त्या भोकांपासून चांगली लांब ठेवा, आणि आदल्या रात्री प्लग काढून मोटर उघडी ठेवलीत तर आणखी बरं.

ठिणगी बघायची नेहमीची रीत म्हणजे प्लग इंजिनाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. त्यावर माझा विश्वास नाही. प्लगच्या टोकांमधली फट जेमतेम पाऊण मिलिमीटरची असते आणि उघड्या हवेत एवढी फट मरायला टेकलेली कॉइलसुद्धा ओलांडते. आत सिलिंडरमध्ये दाब चढला की त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर ठिणगी दिसते आणि मोटर मात्र पेटत नाही. फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या. नाही मिळाला तर कोरड्या लाकडी ठोकळ्यावर दोन खिळे ठोका, एकाला प्लगची वायर आणि दुसऱ्याला इंजिनाच्या बॉडीपासून आणलेली वायर जोडा. खिळ्यांच्या टोकांमध्ये सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, फट ठेवा. पॉइंटच्या मॅग्नेटोने एवढी फट दर फेरीला कडक आवाज करत ओलांडायला हवी. ज्या बाजूची तपासणी चालू नाही तिची वायरही बॉडीला टेकवून ठेवा, लोंबती सोडू नका. ठिणगीला जायला वाट नसली की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते. वायर हातात धरून तर बघूच नका. आमच्या वयाची मंडळी अजूनही तसं करून दाखवतात, ते शौर्य त्यांच्याकडेच राहू द्या.

ही चाचणी आधी वरच्या बाजूवर करा. तीच तुमची मोजपट्टी. वरची सहा मिलिमीटर ओलांडत असेल तर फ्लायव्हीलच्या चुंबकात ताकद आहे हे कळलं आणि कॅम, म्हणजे फिरताना पॉइंट उघडणारा उंचवटा, तोही ठीक असावा, कारण या दोन गोष्टी दोन्ही बाजूंना सामाईक असतात. वरची चारावरच थांबली, तर "वरची चांगली आहे" हा समजच चुकीचा, आणि मग दोष सामाईक भागात शोधायला लागेल.

यानंतर फ्लायव्हील न काढता होणारी कामं. पहिलं काम प्लगची अदलाबदल. नवा प्लग म्हणजे चांगला प्लग असं समजू नका, डबीतून फुटके प्लगही निघतात. प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर त्यात रेझिस्टर असतो. मोटर त्यावर चालते, पण कमकुवत मॅग्नेटोवर मी तो टाळतो.

दुसरं काम वायरीचं, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. कारण तुमचे शब्द आहेत "कधी येते, कधी नाही." या मोटरीत कॉइली ज्या गोल प्लेटवर बसवलेल्या असतात ती प्लेट स्थिर नसते. रेसचा दांडा हलवला की टायमिंग पुढे-मागे करण्यासाठी ती प्लेटही फिरते. म्हणजे प्लगच्या वायरी आणि बंद करायच्या बटनाची बारीक वायर दर वेळी वाकतात, घासतात. इतक्या वर्षांत प्लेटखालून जिथे वायर बाहेर येते तिथलं रबर कडक होऊन फाटलेलं असतं. म्हणून एकाने दोरी ओढायची आणि दुसऱ्याने दांडा सावकाशीपासून जोरापर्यंत थोडा थोडा सरकवत न्यायचा. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. काही मोटरींत दोरीला गिअरचं आणि दांड्याचं कुलूप असतं, तिथे प्रत्येक ओढीमध्ये थांबून जागा बदला. दांड्याच्या ठरावीक जागी ठिणगी जात असेल तर कॉइल निर्दोष आहे, वायर दोषी. हेच सगळं एकदा अंधारात करा. संध्याकाळी स्टोअरचा दिवा बंद करून दोरी ओढली की ज्या ठिकाणी करंट गळतो तिथे बारीक निळी रेघ उड्या मारताना दिसते. तेव्हा दुसऱ्या कसल्याच मीटरची गरज राहत नाही.

तिसरं काम बंद करायच्या बटनाचं. काही जुन्या मॉडेलांना असं बटन नसतंच. तुमच्या मोटरीला असेल तर ते दाबल्यावर पॉइंट बॉडीला शॉर्ट होतात आणि ठिणगी थांबते. त्या वायरीचं आवरण कुठे घासलं असेल तर न दाबताच शॉर्ट होतं, आणि कधी कधी एकाच बाजूचं. बटनाकडून येणाऱ्या वायरी सोडवून परत बघा. खालची ठिणगी तेवढ्याने परत आली तर खर्च फक्त इन्सुलेशन टेपचा.

इथवर दोष सापडला नाही तरच फ्लायव्हील काढायचं. नट उलटा फिरवून सैल करा, पण पूर्ण काढू नका. तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे फ्लायव्हील ज्यावर बसतं त्या इंजिनाच्या दांड्याच्या, टोकाशी समपातळीवर ठेवला की आटे वाचतात. फ्लायव्हीलला वर तीन आटेदार भोकं असतात, पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं साधन, त्या तीन बोल्टांवरच बसवायचा. आटे इंची आहेत, आपल्याकडचे मिलिमीटरचे बोल्ट जबरदस्तीने घालू नका. कडेला जबड्याचा पुलर लावला तर फ्लायव्हील वाकतं. खालून स्क्रूड्रायव्हरने उचकलं तर त्याचं टोक नेमकं कॉइलीत घुसतं. हातोडीने फ्लायव्हीलवर ठोकलं तर चुंबक सैल होण्याची भीती. पुलर ताणून ठेवा आणि त्याच्या मधल्या बोल्टावर एक खणखणीत टोला द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. पुलर नसेल तर वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कोणत्याही लेथवाल्याकडून जाड पट्टीला भोकं पाडून घ्या. मी मेंटेनन्समध्ये असताना आम्ही सगळे पुलर असेच बनवायचो.

फ्लायव्हील निघालं की लगेच पुसायला घेऊ नका. आधी नुसतं बघा आणि मोबाइलने फोटो काढा. कोणती वायर कुठून गेली हे जोडताना कोणालाच आठवत नाही. बंद पडून राहिलेल्या मोटरीत इथे काय काय सापडतं! कुंभारमाशीची मातीची घरटी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, चुंबकाला चिकटलेला गंजाचा चुरा. पुराचं पाणी आलं असेल तर बारीक गाळाचा थरही. दमट हवेत ॲल्युमिनियमच्या प्लेटवर पांढरी भुकटी धरते, आणि ती भुकटी कंडेन्सरच्या किंवा कॉइलच्या अर्थच्या स्क्रूखाली गेली की तो भाग चांगला असूनही काम करत नाही. म्हणून खालच्या बाजूचा प्रत्येक स्क्रू एकदा सोडवून, बूड घासून, परत आवळा. मेलेल्या समजलेल्या बाजू एवढ्यावर जिवंत झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मग पॉइंट. पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे आतल्या कमी वेढ्यांच्या गुंडाळीतून, करंट वाहतो, कॅमने पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातून सेकंडरीत, म्हणजे जास्त वेढ्यांच्या गुंडाळीत, हजारो व्होल्ट तयार होतात. पॉइंटवर तेलाचा किंवा ऑक्साइडचा पातळ थर असला तर बंद असतानाच करंट नीट वाहत नाही, मग तुटणार काय? बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवा. मग जाड कोऱ्या कागदाची पट्टी थिनरमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. नवीन पॉइंटही असेच पुसून घ्यावे लागतात, त्यांच्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो. मीटर लावून बघताना एक खाच आहे. प्रायमरीचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो आणि ती पॉइंटला समांतर जोडलेली असते, त्यामुळे पॉइंट उघडा असला तरी मीटर "बंद" दाखवतो. पॉइंटवरची कॉइलची आणि कंडेन्सरची वायर सोडवूनच मोजा.

फट कॅमच्या सगळ्यात उंच जागी मोजायची. या घराण्यातल्या मोटरींना ०.०२० इंच, म्हणजे वीस थाउ किंवा अर्धा मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, स्वच्छ हवं, तेलकट गेजने केलेली सफाई वाया जाते. दोन्ही बाजू एकाच कॅमवर चालतात, म्हणून दोन्हीकडे फट तंतोतंत सारखी ठेवा. कॅमला तेल लावणारं नमद्याचं तुकडं असतं, त्याला तेलाचा एखादा थेंब पुरे. जास्त झालं की ते तेल फेकलं जाऊन पॉइंटवरच येतं.

कंडेन्सरला लोक कमी लेखतात. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं आणि करंट झटकन तुटू देणं हे त्याचं काम. तो गेला की प्लगला पिवळट, अशक्त ठिणगी येते आणि पॉइंट काळे पडतात किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो. वरचे पॉइंट स्वच्छ आणि खालचे जळके असतील तर मी कॉइलच्या आधी कंडेन्सरकडे बघेन. काट्याचा जुना मीटर असेल तर मोठ्या ओहमच्या रेंजवर, कंडेन्सर सोडवून, लावून बघा. काटा उडी मारून परत मागे गेला पाहिजे. मध्येच अडकून राहिला तर तो आतून गळतोय.

आणि शेवटी कॉइल. ओहम मोजून ती पास करू नका. मीटरच्या आत छोटी बॅटरी असते. तुटलेली तार तिला कळेल, पण हजारो व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन तिला कळणार नाही. आवरणावर नखाने फिरवा, तडा लागतो का बघा. दुसरी जागा म्हणजे जिथे प्लगची वायर कॉइलीत घुसते. तिथे आत एक अणकुचीदार खिळा असतो आणि तो वायरीच्या तांब्याच्या तारांत रुतलेला असावा लागतो. वायर ओढली गेली की तो निसटतो आणि मग "कधी येते, कधी नाही" सुरू होतं. वायर काढा, टोक अर्धा इंच कापा, परत दाबून बसवा. नवीन वायर घ्यायची तर तांब्याच्या तारांचीच, हल्लीच्या गाड्यांची कार्बनच्या गाभ्याची नको, त्या गाभ्यात खिळा धरत नाही.

एवढं करूनही खालची बाजू मेलेलीच असेल तर आता अदलाबदल. एका वेळी एकच भाग बदला. आधी कंडेन्सर, कारण ते सोपं. मग कॉइल. कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पायांची टोकं प्लेटवरच्या तासलेल्या उंचवट्यांच्या कडेशी समपातळीत हवीत. पुढे आली तर चुंबकाला घासतील, मागे राहिली तर ठिणगी मंदावेल. दर अदलाबदलीनंतर फ्लायव्हील परत बसवून तीच सहा मिलिमीटरची चाचणी. काम कंटाळवाणं आहे, कबूल. पण खालची कॉइल वर लावल्यावर वरची ठिणगी मेली, तर मेकॅनिकचं म्हणणं पुराव्यासकट खरं ठरलं. मग निःशंकपणे कॉइल मागवा. एक गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे, म्हणून कॉइली जोडीने घेणं मला पटतं. पॉइंट मात्र घासून चालत असतील तर बदलू नका.

गरम झाल्यावरच ठिणगी जात असेल तर वरचं सगळं थंड इंजिनावर पास होईल. तेव्हा मोटर चालवून, खालचा सिलिंडर सुटला की लगेच, गार होऊ न देता चाचणी करा. ते लक्षण मात्र बहुतेक वेळा कॉइलचंच.

सुट्या भागांबद्दल. जॉन्सनची बहीण इव्हिनरूड, तिच्या आउटबोर्ड मोटरी बनवणं कंपनीने २०२०मध्ये थांबवलं, पण या जुन्या मॅग्नेटोचे भाग दुसऱ्या कंपन्या अजून काढतात, कारण हीच रचना वर्षानुवर्षं अनेक मॉडेलांत वापरली गेली. कंडेन्सर अडला तर वडोदऱ्यातला एखादा जुना व्हेस्पा-लॅम्ब्रेटावाला मेकॅनिक गाठा. पॉइंट-कंडेन्सरचं तत्त्व तेच आहे, आणि तात्पुरता स्कूटरचा कंडेन्सर लावून दोष तिथेच आहे की नाही हे तरी कळेल.

परत जोडताना क्रँकशाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं, स्वच्छ पुसा, तिथे ग्रीस नको. अर्धचंद्री चावी, म्हणजे फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर ठरलेल्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा, नीट बघा. ती थोडी जरी कापली गेली असेल तरी फ्लायव्हील सरकतं, ठिणगी झकास येते पण चुकीच्या वेळी, आणि दोरी उलटा हिसका देते. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मोटर चालू करताना पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये, पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडेल इतकं पाणी ठेवून करा. कोरडी चालवली तर पंपाचं रबरी इम्पेलर जळतं. पेट्रोल ताजं घ्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या मोटरींना तेलाचं प्रमाण २४ला १ असायचं, ५०ला १ नंतर आलं, तेव्हा मॉडेलचा नंबर शोधून प्रमाण नक्की करा. आणि "जुनी आहे, जरा जास्त तेल टाकू" म्हणून हात सैल सोडू नका, नाहीतर खालचा प्लग तेलाने ओला होईल आणि तुम्ही परत कॉइलीवर संशय घ्याल.

दांडा हलवून केलेल्या चाचणीत काय दिसलं, आणि खालचे पॉइंट कसे दिसतात, एवढे दोन निकाल फोटोसह कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.